छोटी पांढरी गोळी

गेल्या वर्षी मे महिन्यातली गोष्ट. मी पुण्यात, आई-बाबा इंदूरला राजेंद्रनगरच्या घरी. रोज रात्री साडेनऊला फोन, हा आमचा कितीतरी वर्षांचा नेम. त्या आठवड्यात आई फोनवर कमी बोलत होती. "काही नाही गं, थकवा आलाय. जेवण जात नाही, मळमळतं." मी म्हटलं, "उन्हाळा आहे आई, पाणी पीत जा भरपूर." दुसऱ्या दिवशी कळलं की ती भिशीला गेली नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा जिने भिशी चुकवली नव्हती, ती आई. तरी मला काही खटकलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिने नातीचा निकाल विचारला. मी सांगितला. पाच मिनिटांनी परत विचारला. मग बाबांनी फोन घेतला आणि बाजूला जाऊन हळूच म्हणाले, "विसरायला लागली आहे. वय झालं आता, 68 म्हणजे काही कमी नाही." आणि मी म्हणाले, "हो बाबा, होतं असं." ते वाक्य मला अजून आठवतं. वर मी आईला आणखी एक सल्ला दिला. लिटरची बाटली भरून ठेव, दिवसाला तीन बाटल्या संपल्याच पाहिजेत, लिंबूपाणी घेतलंस तर त्यात मीठ नको, तुला बीपी आहे. आई फार आज्ञाधारक आहे. तिने बाटली किती वेळा भरली याच्या खुणा कॅलेंडरवर करायला सुरुवात केली. त्या खुणा मी नंतर पाहिल्या.

गुरुवारी सकाळी ती बाथरूमच्या दारात पडली. हाड मोडलं नाही, पण उठवल्यावर तिला आपण कुठे आहोत हे सांगता येईना. शेजारच्या काकांनी गाडी काढली. डोक्याचा सीटी स्कॅन व्यवस्थित आला. रक्तात मात्र सोडियम 116 निघालं. ते 135 ते 145 असायला हवं. मी रात्रीची बस पकडून सकाळी पोहोचले, तेव्हा आई आयसीयूत होती आणि तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली.

तिथल्या डॉक्टर बाई मधल्या वयाच्या, शांत. त्यांनी विचारलं, "इनकी कौन-कौन सी दवाइयाँ चलती हैं?" बाबांनी मोठ्या तत्परतेने फाइल पुढे केली. आमचे बाबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे फाइल म्हणजे अगदी ऑडिटला ठेवावी अशी, तारखेप्रमाणे लावलेली. बाईंनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. म्हणाल्या, फाइलमध्ये आम्ही काय लिहिलं ते आहे. त्या काय गिळतात ते मला बघायचंय. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. डब्यातली, उशाखालची, पर्समधली, सगळी.

मी घरी गेले. आमचा औषधांचा डबा म्हणजे शेवेचा एक किलोचा जुना पत्र्याचा डबा. तो मी पलंगावर उपडा केला. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, ज्यांच्यावर नावाचा तुकडाच उरलेला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या खोकल्याचं अर्धं औषध. बाबांची गुडघ्याची गोळी. एक चूर्ण, कुणी दिलं ते कुणालाच आठवेना. आई-बाबांच्या गोळ्या एकातच, कारण "आम्हाला कळतं ना कुणाची कुठली." आईच्या पर्समध्ये आणखी दोन पाकिटं सापडली आणि देवघराच्या खणात एक.

डॉक्टर बाईंनी तो ढीग टेबलावर पसरला आणि पत्ते लावावेत तशी पाकिटं लावली. बहुधा पाच मिनिटंही लागली नसतील. मग दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवून मला विचारलं, "ही रात्री घेतात का? आणि ही?"

दोन्ही मला ओळखीची होती. दोन्ही मीच मागवत होते. ॲपवर 'पुन्हा ऑर्डर करा' असं बटण असतं. दर महिन्याच्या पाच तारखेला, मीटिंग चालू असताना, दुसऱ्या खिडकीत मी ते दाबत असे आणि आपण लांब असूनही आई-बाबांचं किती करतो असं मला वाटत असे.

झालं होतं ते असं. आईला चार वर्षांपासून अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम चालू होती. रात्रीची, छोटी पांढरी. फेब्रुवारीत बीपी 160 च्या वर जायला लागलं म्हणून ती दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सकाळी घ्यायला नवीन गोळी दिली. तिच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत 'एएम' अशी अक्षरं होती. आईने त्याचा अर्थ लावला, एएम म्हणजे सकाळची. बाबांनी त्याला दुजोरा दिला. खरं म्हणजे एएम म्हणजे अॅम्लोडिपिन. टेल्मिसार्टन 40 आणि अॅम्लोडिपिन 5 अशी ती जोडगोळी होती. म्हणजे नवीन गोळी सुरू झाल्यावर जुनी बंद व्हायला हवी होती. ती बंद झालीच नाही. त्या डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काय चालू आहे म्हणून. आईने सांगितलं, "छोटी सफेद वाली." जगातल्या निम्म्या गोळ्या छोट्या आणि पांढऱ्या असतात. फाइल त्या दिवशी घरी राहिली होती, कारण रिक्षा थांबली होती.

पाच आणि पाच, दहा मिलिग्रॅम. हा डोस काही जगावेगळा नाही, कित्येकांना तो मुद्दाम देतात. पण अॅम्लोडिपिनने काही जणांच्या पायांना सूज येते, डोस वाढला की ती शक्यता वाढते आणि बायकांमध्ये ती जास्त दिसते. हे औषध बारीक धमन्या सैल करतं, त्यानेच बीपी उतरतं. पण त्यामुळे पुढच्या केशवाहिन्यांमध्ये दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि घोट्यांशी साचतं. आईचे पाय मार्चच्या शेवटी सुजायला लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, सकाळी उतरलेलं असायचं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, नुसतं जागा चुकून साचलेलं असतं. म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही.

पण पाय सुजले की लघवीची गोळी, हे समीकरण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. एप्रिलच्या शेवटी आई तिसऱ्या ठिकाणी गेली, नुसते पाय दाखवायला, "पाच मिनिटांचं काम" म्हणून. तिथे क्लोरथॅलिडोन मिळाली. हे बीपीचंही चांगलं आणि जुनं औषध आहे, लाखो लोक घेतात. मात्र या जातीच्या औषधांनी काही जणांचं सोडियम झपाट्याने उतरतं, तेही पहिल्या काही आठवड्यांतच. कुणाचं? वयस्कर, अंगाने बारीक, विशेषतः बायकांचं. जेवणात मीठ कमी असेल आणि पाणी भरपूर पीत असतील तर आणखीच. डॉक्टर बाई हे सांगत होत्या आणि मी त्या कॅलेंडरवरच्या खुणांचा विचार करत होते. मळमळ, थकवा, तोल जाणं, विसरणं, सगळी सोडियमची लक्षणं होती. आणि मी त्यावर फोनवरून पाण्याचा उतारा देत होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. रात्री दोन वाजता एखादी सिस्टिम बंद पडली की आम्ही पहिला प्रश्न एकच विचारतो : काल चालत होती ना, मग मध्ये काय बदललं? यंत्र जुनं झालं असेल, असं म्हणून कुणी झोपायला जात नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल. आईच्या बाबतीत एकदाही विचारला नाही. उत्तर माझ्याच फोनमध्ये होतं. त्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मी ॲपमधल्या जुन्या ऑर्डरी उघडल्या. फेब्रुवारीत नवी गोळी, मार्चमध्ये पायमोज्यांची ऑर्डर, सैल इलॅस्टिकचे (आईनेच सांगितलं होतं, "जरा ढिले बघ"), मेमध्ये क्लोरथॅलिडोनची दोन पाकिटं आणि लगेच मळमळीचं औषध. सगळी गोष्ट तारखांसकट ओळीने लिहिलेली होती. चूक कुणा एकाच्या गळ्यात घालायची म्हटली तर मला जमत नाही. तिन्ही ठिकाणी तिन्ही डॉक्टरांनी समोर आलेल्या तक्रारीला बरोबरच औषध दिलं असेल. तिघांची औषधं एकत्र बघायचं काम कुणाचंच नव्हतं, आणि ज्या एका माणसाकडे सगळी यादी होती ती बटण दाबून मोकळी होत होती.

सोडियम भरून काढायलाही घाई चालत नाही, हे मला तिथेच कळलं. मला वाटलं होतं, मीठ कमी झालंय ना, मग द्या भराभर. तसं केलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून दाट मिठाचं सलाइन थेंब मोजून, दर काही तासांनी रक्त तपासून, दिवसाला आठ-दहा अंकांपेक्षा जास्त चढू न देता. पाणी उलट मोजून द्यायचं. चौथ्या दिवशी आईने मला माझ्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "तू रजा टाकून आलीस? मग तिकडे नातीचं जेवणाचं कोण बघतंय?" मी बाहेर जाऊन रडले.

घरी आल्यावर वेगळंच नाटक. बाबांनी जाहीर केलं, आजपासून इंग्रजी औषधं बंद. आईची आणि त्यांचीही. ते मेटोप्रोलॉल घेतात, हृदयासाठी. ते पाकीट त्यांनी खरोखर कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. मला ते समजत होतं. ज्या गोळीने बायको आयसीयूत गेली त्या गोळ्यांचा राग येणारच. पण मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम बंद केली तर छातीत दुखणं उलटतं, झटकाही येऊ शकतो. बरेच दिवस चालू असलेल्या स्टेरॉइडचंही तसंच, ती पायरी पायरीनेच उतरवावी लागते. मी पुन्हा डॉक्टर बाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्या बाबांना म्हणाल्या, "अंकल, शंका आली तर गोळी हातात धरा आणि फोन करा. हातातली गोळी फेकायचीही नाही आणि गिळायचीही नाही, आधी विचारायचं. पण ओठ-चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला, अंगावर फोड आले, तर फोन करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत या." बाबांनी ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आणि मेटोप्रोलॉलचं पाकीट डब्यातून काढून पुसलं.

आईला आता सकाळची ती जोडगोळी तेवढी आहे. रात्रीची छोटी पांढरी गेली, लघवीची गेली. महिन्याभरात पाय उतरले. बीपी ठीक आहे. त्या पिशवीत बाईंना आणखी एक गोष्ट दिसली होती, तीही सांगते. आई अधूनमधून बाबांची गुडघ्याची गोळी घ्यायची, डायक्लोफिनॅक. एकाच घरातले गुडघे, एकच गोळी, असा हिशोब. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक, तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडांवर चांगलाच ताण येतो, शिवाय वेदनाशामकाने बीपीही वाढतं. म्हणजे फेब्रुवारीत बीपी चढलं त्यात थोडा वाटा गुडघ्यांचाही असावा, अशी मला शंका आहे. तपासून बघायला आता मार्ग नाही. क्रिएटिनिन नीट होतं, एवढं नशीब.

आता आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. मी त्यासाठी एक्सेल शीट करणार होते, रंगबिरंगी. आई म्हणाली, "तुझं ते मोबाइलवरचं मला दिसत नाही," आणि तिने स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहून काढलं. औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कुणी दिलं, कधीपासून. ब्रँडचं नाव कंसात. 2018 पासून बहुतेक पाकिटांवर मूळ औषधाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठं छापावं लागतं, त्यामुळे बाबांना भिंग लावून ते वाचता येतं. नावापुढच्या अक्षरांवर मात्र विसंबायचं नाही. एएम, एच, सीएच अशी अक्षरं बहुतेक वेळा दुसऱ्या घटकाची असतात, पण कंपनीगणिक बदलतात. पाकिटाची मागची बाजूच वाचायची. आणि गोळी कापून घ्यायची तर नाव आणि तारीख असलेलं टोक शेवटी कापायचं, हे मेडिकलवाल्या भियालाही सांगून ठेवलंय.

नवीन औषध मिळालं की आई आता तिथल्या तिथे विचारते : ही आली तर जुनी कुठली जाणार? काय झालं तर तुम्हाला कळवू? रक्त कधी तपासायचं? या तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. लघवीची गोळी सुरू झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत सोडियम-पोटॅशियम बघितलं असतं, तर पुढचं बहुतेक टळलं असतं. एका साध्या रक्ततपासणीचं काम होतं ते. डॉक्टर चिडतात का? एक चिडले. बाकीच्यांनी नीट उत्तरं दिली, आणि एकाने तर प्रश्न ऐकून लिहिलेली गोळी खोडून दुसरी लिहिली.

औषधाचा त्रास झाला तर तो कळवायची सरकारी व्यवस्था आपल्याकडे आहे, हे मला माहीतच नव्हतं. औषधांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये. 1800-180-3024 हा त्यांचा टोल फ्री क्रमांक. रुग्णांसाठी वेगळा फॉर्म आहे, हिंदी-मराठीतही मिळतो, डॉक्टरनेच भरला पाहिजे असं नाही. आईचा मी भरला. औषध सदोष होतं असं आमचं म्हणणं नव्हतंच. कुठल्या वयात, कशाबरोबर घेतल्यावर काय झालं, एवढं कुठेतरी नोंदलं जावं म्हणून.

गणपतीत मंडळात हे सगळं सांगत बसले होते, तर ऐकणाऱ्या चौघी मावश्यांनी पर्समधून आपापली पाकिटं काढली. आरती व्हायची होती, प्रसादाच्या ताटाशेजारी आम्ही गोळ्या मांडल्या. एकीकडे आम्लपित्ताची एकच गोळी दोन ब्रँडच्या नावांनी निघाली, सकाळी एक आणि रात्री एक. तिला तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं, कारण दोनदा मुद्दामही दिलेली असू शकते. दुसरीने संधिवाताची आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट दाखवली, तिच्या मुलाने पाकिटावर लाल पेनने मोठ्ठं 'सोमवार' लिहिलं होतं. त्या मुलाला मी ओळखत नाही, पण मला त्याचं फार कौतुक वाटलं. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

ॲपवरचं ते बटण मी आता वापरत नाही. पाच तारखेला आईला फोन करते, ती फ्रिजपाशी जाऊन कागद वाचते, मी एकेक टाकत जाते. दहा मिनिटं लागतात. मागच्या महिन्यात ऑर्डर झाल्यावर मी सहज म्हटलं, "थांब, माझीही एक टाकते, ॲसिडिटीची."

"तुझी? कधीपासून घेतेस?"

"झाले असतील सात-आठ महिने."

"कुणी दिली?"

मी गप्प. ऑफिसातल्या मैत्रिणीने दिली होती, एका रिलीजच्या रात्री.

"आणि बंद कधी करायची आहे?" पलीकडून पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला. "मूळ नाव सांग बघू. मोठ्या अक्षरातलं."